नगरसेवकांविना जवळपास चार वर्षं: मुंबई महापालिकेच्या तिजोरीवर नजर कोणाची होती

४ फेब्रुवारी २०२३ ला मुंबई महापालिकेचं २०२३-२४ चं बजेट सादर झालं, ५२,६१९ कोटींचं. एरवी पद्धत अशी की आयुक्त ते स्थायी समितीच्या, म्हणजे खर्चाला मंजुरी देणाऱ्या नगरसेवकांच्या समितीच्या, अध्यक्षांच्या हातात देतात, मग समितीत आठवडे-आठवडे भाषणं होतात, उपसूचना येतात, आणि मग ते सभागृहात जातं. त्या वर्षी अध्यक्षच नव्हता, समितीच नव्हती, सभागृहात एक नगरसेवक नव्हता. मग अतिरिक्त आयुक्तांनी बजेट आयुक्तांना सादर केलं, आणि आयुक्त इक्बालसिंह चहल हेच प्रशासक (नगरसेवक नसताना त्यांच्या जागी कारभार बघायला सरकारने नेमलेले), म्हणजे ज्यांच्या हाताखाली बजेट बनलं त्यांनाच ते सादर झालं आणि मंजूर करायचा अधिकार पण त्यांचाच. टीव्हीवर फोटो आला, दोन अधिकारी, मध्ये बजेटची पुस्तकं. मला तो फोटो बघून खरंच कसंतरी झालं, कारण ह्या शहराच्या पैशांवर प्रश्न विचारणारी खुर्ची त्यात कुठेच नव्हती.

हे प्रकरण मी जरा नीट लिहून काढतोय, कारण लोकांना "निवडणुका लांबल्या" एवढंच आठवतं, त्यामुळे हिशोब तपासायच्या व्यवस्थेचं काय झालं ते कोणी बोलत नाही.

आधी तारखा. शेवटची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ ची, २२७ वॉर्ड, शिवसेना ८४, भाजप ८२, काँग्रेस ३१. मुदत संपली ७ मार्च २०२२ ला आणि ८ मार्चपासून प्रशासक. राज्यघटनेच्या २४३-यू कलमात सरळ लिहिलंय की महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याच्या पुढे नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पण हेच बजावलं होतं, की वॉर्डरचना नि मतदारयाद्यांची कारणं सांगून निवडणूक लांबवायची नाही. म्हणजे नियम काय होता ह्याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती.

मग लांबली कशी? दोन भांडणं एकात एक अडकली. एक ओबीसी आरक्षणाचं. मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्थानिक संस्थांत ओबीसी आरक्षण द्यायचं तर समर्पित आयोग नेमा, आकडेवारी गोळा करा आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, ह्यालाच सगळे ट्रिपल टेस्ट म्हणतात. आकडेवारी तयार नव्हती. अध्यादेश काढला, डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टाने स्थगिती दिली. शेवटी जयंतकुमार बांठिया आयोगाचा रिपोर्ट जुलै २०२२ मध्ये आला. दुसरं भांडण वॉर्डांचं. महाविकास आघाडीने २२७ चे २३६ केले, शिंदे-फडणवीस सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये परत २२७ केले, त्यावर याचिका, मग कोर्टाचा "जैसे थे" चा आदेश, आणि तिथे गाडी जी रुतली ती रुतलीच. मुदत संपली त्याच दिवशी, ७ मार्च २०२२ ला, विधिमंडळाने वॉर्डरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारं विधेयक मंजूर केलं आणि तेही जवळपास एकमताने, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण नंतर दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या.

६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ पर्यंत शेवटची मुदत दिली, आणि १५ जानेवारी २०२६ ला एकदाचं मतदान झालं, मुंबईसकट २९ महापालिकांचं. नवी मुंबई आणि औरंगाबादमध्ये तर २०२० पासून प्रशासक होते. पण मी इथे मुंबईचंच बोलणार, कारण पैसा इथे सगळ्यात जास्त आहे.

आता मूळ मुद्दा. स्थायी समिती म्हणजे काय करायची हे खूप जणांना माहीत नसतं. महापालिका चालते १८८८ च्या कायद्यावर. त्यात आयुक्त खर्च करतो, पण ठराविक रकमेच्या वरचं कुठलंही कंत्राट स्थायी समितीच्या मंजुरीशिवाय देता येत नाही. समितीची मीटिंग दर आठवड्याला. आणि महापालिकेचा स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक असतो, तो आयुक्तांच्या हाताखालचा नाही, त्याचे रिपोर्ट समितीकडे जातात. म्हणजे बजेट बनवणारा एक, मंजूर करणारा दुसरा, तपासणारा तिसरा, आणि तिसरा जे काय सापडलं ते दुसऱ्याला सांगतो. साधी रचना आहे, सोसायटीत सेक्रेटरी, कमिटी आणि ऑडिटर असतात तशी.

आमच्या बिल्डिंगमधले एक काका महापालिकेतून रिटायर झालेत, त्यांची बरीच वर्षं समितीच्या कागदपत्रांच्या कामात गेली. ते सांगतात, मीटिंगच्या आधी विषयपत्रिकेचे गठ्ठे नगरसेवकांच्या घरी पोचवायचे, सुतळीने बांधलेले, एकेक प्रस्ताव पाच-सात पानांचा, त्याला तक्ता जोडलेला, कोणी किती टेंडर भरलं, अंदाजपत्रकाच्या किती टक्के खाली किंवा वर. "अर्ध्या लोकांनी सुतळी सोडलेली नसायची," असं ते स्वतः म्हणतात, "पण दोन-तीन जण असे असायचे की पेन्सिलने आकड्याखाली रेघ मारून यायचे, आणि त्या दोघा-तिघांची अधिकाऱ्यांना धास्ती असायची." मग मीटिंगमध्ये हरकतीचा मुद्दा, ह्या कंत्राटदाराने अंदाजापेक्षा ३० टक्के कमी दर भरला तर एकतर अंदाज फुगवलेला किंवा काम निकृष्ट होणार, दोन्हीतलं काय ते सांगा. अधिकारी उत्तर देणार, पत्रकार लिहून घेणार. प्रस्ताव मंजूर होईल, राखून ठेवला जाईल, फेरविचाराला परत जाईल किंवा दप्तरी दाखल होईल. काहीही होवो, पण प्रश्न विचारला गेला आणि उत्तर दिलं गेलं ह्याची इतिवृत्तात नोंद राहायची.

८ मार्च २०२२ पासून हे सगळं बंद. स्थायी, सुधार, शिक्षण अशा समित्यांचे अधिकार आणि सभागृहाचे अधिकार एका माणसाकडे. प्रस्ताव खात्यातून यायचा, वर जायचा, सही व्हायची. मुख्य लेखापरीक्षकाने आक्षेप काढला तरी तो ऐकणार कोण, तर ज्याच्या प्रशासनावर आक्षेप आहे तोच. इथे मी कोणा एका अधिकाऱ्याच्या प्रामाणिकपणावर बोलत नाहीये, माणूस देवमाणूस असला तरी ही रचनाच चुकीची आहे, आपल्याच वहीवर आपणच लाल पेनाने टिक करायची हे कोणी कुठेच चालवून घेत नाही.

आणि ह्या काळात पैसा थोडाथोडका नव्हता. २०२३-२४ चं बजेट ५२,६१९ कोटी, २०२४-२५ चं ५९,९५५ कोटी, २०२५-२६ चं ७४,४२७ कोटी. तिन्ही बजेटं प्रशासकाच्या काळातली, बेरीज केली तर एक लाख ८७ हजार कोटी. हा अंदाज आहे, प्रत्यक्ष खर्च कमी होतो, पण मंजुरी तर एवढ्याला मिळाली आणि नगरसेवकाने विचारलेला प्रश्न त्यात शून्य. शेवटच्या बजेटमधले ४३ हजार कोटींच्या आसपास तर नुसते भांडवली कामांचे, म्हणजे रस्ते, पूल, बोगदे, मलजल प्रक्रिया केंद्रं, जिथे कंत्राटं सगळ्यात मोठी असतात. त्याच काळात महापालिकेच्या एफडी, ज्या सुमारे ९२ हजार कोटींपर्यंत गेल्या होत्या, त्या ८२ हजार कोटींच्या आसपास आल्या. एफडी मोडणं म्हणजे गुन्हा नाही, पैसा शहरासाठीच आहे, पण त्या एफडींमधला बराच भाग कर्मचाऱ्यांच्या पीएफचा, पेन्शनचा आणि कंत्राटदारांच्या अनामत रकमांचा असतो, तो वेगळा काढून उरलेल्यातलं किती कशाला वापरायचं ह्यावर चर्चा व्हायला हवी होती आणि चर्चेची जागाच बंद होती.

रस्त्यांचं घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये सुमारे ५,८०० कोटींचं सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यांचं टेंडर निघालं, प्रतिसाद बरा आला नाही म्हणून नोव्हेंबरमध्ये रद्द झालं, लगेच नवीन टेंडर निघालं, ३९७ किलोमीटर, ६,०८० कोटींच्या आसपास, पाच कंत्राटदार, आणि १९ जानेवारी २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन. आदित्य ठाकरेंनी दरांवरून आरोप केले, प्रशासनाने ते फेटाळले. कोण बरोबर हे मी ठरवणार नाही. पण २२७ नगरसेवकांचं सभागृह असतं तर हा वाद त्या खोलीत झाला असता, तक्ता समोर ठेवून, आणि इतक्या मोठ्या कामाला मंजुरी देणाऱ्यांची नावं मतांसकट नोंदली गेली असती. वाद झाला तो प्रेस कॉन्फरन्समध्ये, जिथे समोरच्याला त्याच जागी उत्तर द्यावं लागत नाही. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये शहर भागातल्या कंत्राटदाराचं काम काढून घ्यावं लागलं, कारण कामच सुरू होईना. २६३ कोटींच्या स्ट्रीट फर्निचरच्या (रस्त्यावरचे बाक, कुंड्या वगैरे) टेंडरचंही तसंच, त्यावर ठाकरे गटाने तक्रार केली आणि भाजपचे आमदार मिहिर कोटेचा यांनीही केली, आणि २०२३ मध्ये ते रद्द झालं. चांगलं झालं, पण ते अडवलं पत्रांनी आणि बातम्यांनी, व्यवस्थेने नाही, आणि ज्या टेंडरकडे कोणा आमदाराचं लक्ष गेलं नाही त्यांचं काय हा प्रश्न तसाच राहतो.

दुसरं म्हणजे नगरसेवक निधी. नगरसेवक नाहीत तर वॉर्डातल्या गटार-पायवाट-शौचालयाच्या कामांचं काय, म्हणून २०२३ मध्ये आमदार-खासदारांनी सुचवलेल्या कामांना पालकमंत्र्यांमार्फत पैसे द्यायचं धोरण आलं. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन एक्स्प्रेसने कागदपत्रांवरून दाखवून दिलं की सत्ताधारी आमदारांच्या मतदारसंघांना निधी मिळाला आणि विरोधी आमदार मागत राहिले. म्हणजे विरोधी आमदार निवडून देणाऱ्या भागातल्या माणसाने तोच प्रॉपर्टी टॅक्स भरला, त्याच्या गल्लीला मात्र पैसे नाहीत. मला ह्या प्रकरणातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच वाटते, त्या गल्लीत राहणाऱ्या बाईने कोणाला मत दिलं ह्याच्याशी तिच्या दारातल्या गटाराचा काय संबंध.

आता कॅगकडे, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या देशाच्या महालेखापरीक्षकांकडे येऊ, कारण लोक म्हणतात की नगरसेवक नव्हते तरी कॅगने ऑडिट केलं ना. केलं, आणि ते वाचण्यासारखं आहे. ३१ ऑक्टोबर २०२२ ला राज्य सरकारने कॅगला विनंती केली, २८ नोव्हेंबर २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२२ ह्या काळातली नऊ विभागांतली ७६ कामं, १२,०२३ कोटी ८८ लाखांची. २५ मार्च २०२३ ला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, देवेंद्र फडणवीस यांनी रिपोर्ट विधानसभेत मांडला. त्यात काय होतं? २१४ कोटी ४८ लाखांची २० कामं टेंडर न काढता दिली. ४,७५५ कोटी ९४ लाखांच्या ६४ कामांत कंत्राटदाराशी करारच केलेला नाही. ३,३५५ कोटी ५७ लाखांच्या १३ कामांना थर्ड पार्टी ऑडिटर, म्हणजे कामाचा दर्जा तपासणारा बाहेरचा माणूस, नेमलेला नाही. करारच नाही हे मी दोनदा वाचलं. आपण घराला रंग द्यायला माणूस बोलावतो तरी कागदावर लिहून घेतो, इथे पावणेपाच हजार कोटींच्या कामांना करारनामा नाही, उद्या काम बिघडलं तर महापालिका कोर्टात कुठला कागद दाखवणार.

दहिसरच्या जमिनीचं उदाहरण तर डोळ्यासमोर उभं राहतं. एकसर गावातली ३२,३९४ चौरस मीटर जमीन, विकास आराखड्यात बाग, खेळाचं मैदान आणि प्रसूतिगृहासाठी राखीव. डिसेंबर २०११ मध्ये संपादनाचा ठराव झाला. शेवटी मूल्यांकन गेलं ३४९ कोटी १४ लाखांवर, कॅगच्या हिशोबाने २०११ च्या तुलनेत ७१६ टक्के जास्त, आणि वर त्या जमिनीवर अतिक्रमण, म्हणजे ती मोकळी करायची तर पुनर्वसनाचा खर्च वेगळा. इतका पैसा जाऊनही त्या जमिनीचा महापालिकेला उपयोग नाही असंच कॅगने म्हटलं, मग बाग, मैदान आणि प्रसूतिगृह कधी आणि कुठल्या जागेवर.

पण ह्या ऑडिटच्या तारखा नीट बघा. सुरुवात २८ नोव्हेंबर २०१९, म्हणजे उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले तो दिवस. महापालिकेचं कुठलंही आर्थिक वर्ष २८ नोव्हेंबरला सुरू होत नाही. तपासणीचा काळ सरकारने निवडला, आणि तो हिशोबाच्या सोयीने निवडलेला नाही हे तारखेवरून कळतं. विरोधकांनी तेव्हाच म्हटलं की ठाणे, पुणे, नागपूरचंही करा. मला दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या वाटतात, आक्षेप गंभीर आहेत आणि काळ राजकारणाने ठरवलाय, एक खरं म्हणून दुसरं खोटं होत नाही. कोविडच्या ३,५३८ कोटी ७३ लाखांच्या खर्चाची कागदपत्रं द्यायला महापालिकेने १८९७ च्या साथरोग कायद्याचा आधार घेऊन नकार दिला, म्हणजे ठरलेल्या रकमेतला जवळपास तीस टक्के भाग तपासलाच गेला नाही. आणि १ नोव्हेंबर २०२२ नंतर काय झालं, ज्या काळात प्रशासक एकटेच होते आणि बजेट सगळ्यात वेगाने वाढलं, त्याला हे ऑडिट शिवतसुद्धा नाही. कॅग महापालिकेचा दरवर्षीचा ऑडिटर नाही, सरकारने सांगितलं तेव्हा आला, जेवढं सांगितलं तेवढं बघितलं आणि गेला. दर आठवड्याला बसणाऱ्या समितीची जागा असं कधीतरी येणारं ऑडिट घेऊ शकत नाही.

इथे कोणीतरी नक्की म्हणेल, आणि म्हणावंच, की नगरसेवक होते तेव्हा काय दिवे लावले? बरोबर आहे. कॅगने ज्या कामांवर बोट ठेवलं त्यातला बराचसा काळ स्थायी समिती जिवंत होती. ते करार न केलेलं काम समितीसमोर आलं तेव्हा किती जणांनी पेन्सिल उचलली? मुंबईत स्थायी समितीबद्दल लोक चांगलं बोलत नाहीत ह्याला कारणं आहेत आणि मी ती झाकणार नाही. पण २०१५ आठवा. रस्त्यांच्या कामात गडबड आहे असं पत्र तेव्हाच्या महापौर स्नेहल आंबेकर यांनी आयुक्त अजोय मेहता यांना दिलं, त्यावरून ३४ रस्त्यांची चौकशी झाली, सुमारे ३५२ कोटींच्या कामांत अनियमितता सापडली, २०१६ मध्ये एफआयआर झाला, आणि काम बरोबर झालं म्हणून सर्टिफिकेट देणाऱ्या थर्ड पार्टी ऑडिटर कंपन्यांची माणसं अटक झाली. सत्ताधारी पक्षाच्याच महापौरांच्या पत्रावरून सुरुवात झाली होती. महापौर हे पद होतं म्हणून ते पत्र लिहिलं गेलं, आयुक्त वेगळे होते म्हणून त्यांना चौकशी लावता आली. आयुक्तच सगळं असते तर ते पत्र कोणी कोणाला लिहिलं असतं?

जानेवारी २०२६ च्या निकालात भाजपला ८९, शिंदेंच्या शिवसेनेला २९, ठाकरेंच्या शिवसेनेला ६५, काँग्रेसला २४ जागा मिळाल्या. बहुमताला ११४ लागतात, म्हणजे महायुतीकडे ११८ आहेत आणि समोर विरोधी पक्षही चांगला मोठा आहे. हिशोब तपासायला हे प्रमाण चांगलं आहे, समितीत विरोधकांची संख्या पुरेशी असणार.

माझी नव्या सभागृहाकडून मागणी आहे आणि ती कुठल्याही पक्षाच्या नगरसेवकाने मांडली तरी चालेल. ८ मार्च २०२२ पासून प्रशासकांच्या सहीने मंजूर झालेल्या प्रत्येक प्रस्तावाची यादी, खातं, रक्कम, कंत्राटदार आणि अंदाजपत्रकापेक्षा किती वर किंवा खाली, ही स्थायी समितीच्या पटलावर ठेवा आणि वेबसाईटवर टाका, मराठीत, शोधता येईल अशी, स्कॅन केलेल्या वाकड्या पानांची नको. मुख्य लेखापरीक्षकांनी ह्या काळात काढलेले आक्षेप त्याच्या शेजारी ठेवा. कोविडच्या खर्चाची कागदं कॅगला द्या, आता साथ नाही. सुरुवात रस्ते खात्यापासून करा, कारण ते सिमेंट अजून नवीन आहे, दोष दायित्वाची मुदत (ज्यात बिघाड झाला तर कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो) चालू आहे, आणि तडा कुठे गेलाय हे दाखवून कंत्राटदाराकडून दुरुस्त करून घ्यायला अजून वेळ आहे.